गणपतीचे डोळे आणि उत्पन्नाचा दाखला

तलाठी भाऊसाहेब घर बघायला येणार असं कळलं, तेव्हा माझ्या बायकोनं पहिलं काम केलं ते शेजारणीकडच्या चार खुर्च्या मागून आणण्याचं. आमच्याकडे एक बाकडं होतं आणि पाय निखळलेली एक प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची तिनं मागच्या पडवीत लपवली. मग जमीन सारवली, उंबऱ्यावर रांगोळी काढली आणि भिंतीचा पोपडा निघाला होता तिथं मुलीच्या सासरहून आलेलं कॅलेंडर टांगलं. हे सगळं करताना ती मधूनमधून भिंतीला टेकून उभी राहत होती, असं शेजारीण मला नंतर म्हणाली, कारण चार पावलं टाकली की तिला धाप लागायची. आणि भाऊसाहेब येणार होते ते आम्ही किती गरीब आहोत, हे बघायला.

तिला दोष द्यायचा तर आधी आमच्या सगळ्या मुलखाला द्यावा लागेल. आमच्याकडे परका माणूस घरात पाऊल ठेवतो तेव्हा त्याला घरातलं नाहीपण दिसू द्यायचं नसतं. मुलीला बघायला सोयरे आले होते तेव्हाही असंच केलं होतं, आणि त्यात कुणाला काही खोटं वाटलं नव्हतं. सोयऱ्यांनीही आपल्या घरी तेच केलं असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्याकडे मुलींना भाकरी थापायच्या आधी शिकवतात. सरकार नावाचा पाहुणा असा असतो की त्याच्यापुढे मूठ उघडून, हात पालथा करून, रिकामा आहे हे पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मलाही तेव्हा नीटसं ठाऊक नव्हतं.

दाखला हवा होता तिच्याच काळजासाठी. लहानपणी तिला सांधे सुजवणारा ताप येऊन गेला होता. त्या तापानं काळजाची एक झडप आखडवून ठेवली आणि चाळिशी उलटल्यावर त्या दुखण्यानं डोकं वर काढलं. आधी ती त्याला पित्त म्हणायची. मग विहिरीवरून कळशी आणताना मधल्या पायरीवर बसायला लागली. माणगावच्या डॉक्टरांनी छातीला यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाले, झडप बदलावी लागेल, मुंबईला जा, वेळ काढू नका. मुंबईच्या एका धर्मादाय इस्पितळात गरिबांसाठी राखीव खाटा असतात. तिथं ऑपरेशन जवळपास फुकटात होतं, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्यावरचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत असावा लागतो.

मी एका खाजगी शाळेत शिपाई आहे. घंटा देतो, वर्ग झाडतो, परीक्षेला बाकांवर नंबर चिकटवतो. माझा पगार इतका आहे की गरिबीच्या दाखल्यासाठी मला कुणाच्या वशिल्याची गरज पडू नये. पगाराची चिठ्ठी मी अर्जाला जोडली होती. आता एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण माझ्या हातात दुसरंही एक काम होतं.

ते काम म्हणजे गणपतीचे डोळे. आमच्या गावात मूर्तींचा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या मालकांना सगळं गाव काका म्हणतं. लोक आषाढात आपापला पाट काकांकडे नेऊन ठेवतात आणि त्या पाटावर त्यांची मूर्ती तयार होते. माती काकांची, रंग त्यांच्या मुलाचा, पण डोळ्यांची आखणी माझी. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या होत्या, तेव्हा काकांनी एकदा हातात बारीक ब्रश दिला, आणि तो पुढची वीस-पंचवीस वर्षं हातातच राहिला. आखणी सकाळी करायची, न जेवता. पापणीची रेघ एका दमात ओढायची, कारण ती मध्ये थांबली की तिथं गाठ दिसते. बुबुळ कुठं ठेवायचं हे मात्र सांगून शिकवता येत नाही. आरतीला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे की देव माझ्याकडेच बघतोय. तसं नाही झालं तर बायका काही बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी पाट दुसरीकडे नेतात.

या कामाची मजुरी ठरवायची नाही, मागायची नाही, तिला मजुरी म्हणायचंही नाही, अशी आमच्या गावची रीत. मूर्ती न्यायला माणसं येतात तेव्हा काकांचे पैसे काकांना देतात आणि पाटावर एक विडा ठेवतात. पान, सुपारी आणि त्याखाली जी काय नोट असेल ती. तो विडा आखणाऱ्याचा. कुणी जास्त ठेवतं, कुणी नुसतीच सुपारी ठेवून हात जोडतं. त्यातून आमच्या घरात गणपतीचा शिधा यायचा आणि तिला एखादं लुगडं. हे उत्पन्न आहे का? आता विचारलं तर हो म्हणेन. मी ते पगारात मिळवूनही पाहिलं होतं आणि तरीही आम्ही मर्यादेच्या चांगले आत होतो. म्हणजे खरं सांगूनही दाखला मिळायला हवा होता.

मी शाळेतून आलो तेव्हा भाऊसाहेब मागून आणलेल्या खुर्चीत बसून कोकमाचं सरबत पीत होते. बाजूला तलाठी कचेरीचा कोतवाल. समोर ओलं खोबरं भुरभुरलेले पोहे. बायको चांगल्यातलं पातळ नेसून दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि बोलत होती. मी उंबऱ्यात चपला काढता काढता ऐकलं ते असं:

"पंचक्रोशीत एक घर दाखवा भाऊसाहेब, जिथला गणपती यांच्या हातून गेला न्हाय. बोर्लीच्या बाजारपेठेतले शेठ पन गाडी घेऊन येतात. म्हनतात, डोळे याच मानसानं काढले पाहिजेत."

"अस्सं?" भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे मागणी बरीच आहे."

"मग! श्रावनात यांना जेवायला फुरसत न्हाय."

भाऊसाहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. पोहे छान झालेत म्हणाले, मुलीची चौकशी केली, कॅलेंडरकडे बघून घर नीटनेटकं ठेवलंय म्हणाले. बायकोचा चेहरा फुलला. कित्येक महिन्यांत तिच्या ओठांचा निळसर रंग गेलेला मी पाहिला नव्हता, पण त्या दिवशी ती खरोखर छान दिसत होती. मी काय करणार होतो? पाहुण्यादेखत बायकोला खोटं पाडून, साहेब, खुर्च्या शेजारच्या आहेत, म्हणणार होतो? मी इतकंच म्हणालो, "मूर्ती माझ्या नाहीत भाऊसाहेब, मी फक्त डोळे काढतो." ते हसले आणि म्हणाले, "कलावंत नेहमी असंच म्हणतो."

त्यांनी अहवालात लिहिलं, नोकरी आणि मूर्ती विक्रीचा व्यवसाय. गावातल्या एकूण मूर्ती मोजल्या, एका मूर्तीची किंमत कोतवालाला विचारली आणि दोन्हींचा गुणाकार करून माझ्या नावावर टाकला. काकांचा सगळा कारखाना, माती, रंग आणि मजुरांसकट, त्यांनी एका ओळीत मला देऊन टाकला. दाखला आला तो मर्यादेच्या कितीतरी वरचा. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदोपत्री श्रीमंत झालो, आणि त्यामुळे माझी बायको मरणार होती.

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती तांदूळ निवडत राहिली आणि शेवटी म्हणाली, "भाऊसाहेब आले म्हनून काय मोडकी खुर्ची पुढं करू? आन तुमचं चांगलं सांगितलं, त्यात माझं काय चुकलं?" माझ्याबद्दल चार माणसांत अभिमानानं बोलणारी ती एकटीच होती. शाळेत मला सगळे अरेतुरे करतात, पहिलीतली पोरंसुद्धा. घरी ती माझ्याबद्दल असं बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, मी सूट घालून कामाला जातो.

मग तालुक्याच्या कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे खरं, पण झडपेला ही म्हण माहीत नव्हती. एका खेपेला साहेब बैठकीला, दुसऱ्या खेपेला यंत्रणा बंद, तिसऱ्या खेपेला मी दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालत राहिलो आणि दोन्हीकडून दुसरीकडे बोट दाखवलं गेलं. शाळेत रजा मांडली की पगार कापतात. तो कापलेला पगार मात्र कोणी दाखल्यात धरत नाही. शेवटी एका कारकुनाला दया आली. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. त्यानं अर्ज वाचला, मी विड्याची सगळी रीत सांगितली तीही ऐकून घेतली.

"तुम्ही सांगताय ते खरं असेल," तो म्हणाला, "पण हे लिहू कुठं? इथं रकाने आहेत. नोकरी, शेती, धंदा. विडा कशात टाकू?"

"धंद्यात टाका. पण जेवढा मिळतो तेवढाच टाका."

"त्याला पावती आहे?"

पानसुपारीची पावती कोण देतं? मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "मग असं करा. प्रतिज्ञापत्र करा की तुम्हाला हे काम येतच नाही."

"येतं, पण पैसे ठरलेले नसतात, असं लिहिलं तर?"

"तर साहेब विचारणार, फुकट कशाला करतो? पुन्हा चौकशी लागणार. येत नाही म्हटलं की प्रश्न संपला. आणि प्रतिज्ञापत्र वहिनींचं पाहिजे. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख त्या आहेत आणि तलाठ्यांना सांगितलंय पण त्यांनीच."

त्यानं सांगितलेला मार्ग चुकीचा होता आणि तो माणूस चांगला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या कचेरीत मला कळलं.

तिला घेऊन गेलो. रिक्षा थेट दारापर्यंत नेली, तरी दोन पायऱ्या चढताना ती थांबली. कचेरीबाहेरच्या टपरीत मजकूर टाईप झाला. ती सातवी शिकलेली. तिनं कागद हातात घेऊन एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. माझ्या पतींना मूर्तिकला अथवा चित्रकला अवगत नाही. त्यांनी असे कोणतेही काम केलेले नाही. मी तलाठी यांना दिलेली माहिती अज्ञानाने दिली होती. तिचं बोट पहिल्याच वाक्यावर परत आलं.

"हे खोटं हाय."

"सही कर," मी म्हणालो.

"देवाचं काम हाय ते. केलंच न्हाय असं कसं लिवू?"

टायपिस्ट खाली बघून कागद सारखे करायला लागला. मी तिला म्हणालो की देवाला सगळं कळतं, तहसीलदारांना कळत नाही. हे वाक्य बोलताना मला स्वतःचाच राग आला, कारण असल्या वाक्यांनी माणूस दुसऱ्याला गप्प करतो आणि स्वतः सुटतो. तिनं सही केली. परतीच्या वाटेवर रिक्षात ती बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं देवापुढे दिवा लावला, आणि रोज पुटपुटते ते काही पुटपुटली नाही.

दुसरा दाखला आला. आकडा बरोबर होता. गंमत अशी की खरं लिहिलं असतं तरी आकडा फारसा वेगळा आला नसता. आम्ही एसटीनं माणगावला गेलो आणि तिथून पुढे मुंबईला. हायवेच्या खड्ड्यांत ती माझं मनगट धरून बसली होती आणि प्रत्येक धक्क्याला डोळे मिटत होती.

इस्पितळात समाजसेवेच्या विभागात एक तरुण मॅडम बसायच्या. त्यांच्या समोर बसून पास व्हायचं असतं. रांगेतल्या एका बाईनं आम्हाला आधीच शहाणपण दिलं होतं की हातातलं घड्याळ काढून ठेवा आणि मोबाईल आत नेऊ नका. मॅडमनी कागद पाहिले. पहिला दाखला कुठूनसा त्यांच्या संगणकात होताच. दोन दाखले, दोन आकडे. त्या माझ्याकडे वळल्या, मी तोंड उघडलं, तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही. पेशंटना बोलू दे."

मग त्यांनी तिला विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"शाळेत शिपाई हायत."

"शाळा सुटल्यावर?"

"घरी असतात."

"सुट्टीत, सणावाराला? इथं आधी मूर्तींचं काहीतरी लिहिलेलं आहे."

मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता ती गडबडेल. मनातून, सांगायला लाज वाटते, ती गडबडावी असंही क्षणभर वाटलं. ती खुर्चीत जराशी पुढं सरकली, पदर सारखा केला आणि मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ते मी उगाच बोलले वो. बाईमानसाला वाटतं, आपल्या नवऱ्याला काय तरी यावं. त्यांना काय येत न्हाय."

मॅडमचा चेहरा मऊ झाला. त्यांनी सही केली आणि खाट मिळाली. इतकं साधं, इतकं पटण्यासारखं ती बोलली की मलाही ते खरं वाटलं. बाहेर आल्यावर मी तिला पाणी दिलं.

ऑपरेशन झालं. त्या काळात गणपती येऊन गेले, ते मी वॉर्डाबाहेरच्या बाकावरून मिरवणुकीच्या आवाजात ऐकले. गावाकडे कोणी डोळे काढले ते विचारलं नाही. ती वाचली. तिच्या छातीत आता धातूची झडप आहे आणि घर शांत असलं की ती ऐकू येते, टिक टिक, एकसारखी. मी तो आवाज ऐकत बसतो. तो थांबू नये म्हणून रोज गोळ्या लागतात, वरचेवर रक्त तपासावं लागतं, आणि हे सगळं सवलतीत मिळावं म्हणून दर वर्षी नवा दाखला लागतो. जन्मभर लागणार आहे. म्हणजे ते खोटं एकदा बोलून संपलेलं नाही, दर वर्षी त्याचं नूतनीकरण करायचं आहे, आणि गावात आमच्याच आळीत कोतवाल राहतो.

यंदा श्रावणात काका स्वतः आले. काठी टेकत, दम खात. मला वाटलं नव्हतं ते येतील.

"गेल्या वर्षी माझ्या पोरानं डोळे काढले," ते बाकड्यावर बसत म्हणाले. "अर्ध्या गावाचे गणपती झोपेत हायत असं वाटत होतं. लोक शिव्या घालून गेले. या वर्षी तूच ये बाबा. वैनी, यांना लावून द्या."

माझं मन एकदम उठून उभं राहिलं. बोटांना सवयीनं ब्रशाची जाडी आठवली. काकांना खरं सांगून टाकावं, विडा नको, गुपचूप येतो म्हणावं, असं तोंडापर्यंत आलं. पण काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, आणि कोतवालाचा पाटही त्यांच्याकडेच असतो. मी डोळे काढले की ते कोणाचे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. तेवढं चांगलं मी काम करत होतो.

मी काही बोलायच्या आत ती चहा घेऊन बाहेर आली. काकांपुढे कप ठेवला, माझ्यापुढे ठेवला, आणि म्हणाली, "यांना आता जमत न्हाय काका. हात कापतो यांचा. मुंबईला माझी ती दगदग झाली, तवापास्नं. रेघ न्हाय ओढता येत सरळ."

"काय सांगता!" काका माझ्याकडे वळले. "सोन्यासारखा हात होता. व्हय रे?"

त्यांची नजर माझ्या हातांवर होती. माझे दोन्ही हात मांडीवर पडले होते, जागच्या जागी, स्थिर. ती चौकटीला धरून उभी होती, जशी भाऊसाहेब आले तेव्हा उभी होती तशीच, आणि आमच्या तिघांच्या शांततेत तिच्या छातीतली टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती.

मी उजव्या हातानं कप उचलला आणि तो हलवला. आधी थोडा, मग जास्त, चहा काठावरून बशीत आणि बशीतून माझ्या धोतरावर सांडेपर्यंत. काका "अरेरे, अरेरे" म्हणत उठले आणि माझ्या हातून कप काढून घेतला. ती फडकं घेऊन आली आणि माझ्या पायाशी बसून जमीन पुसायला लागली. पुसून झाल्यावरही ती तिथंच बसून राहिली आणि कोरड्या जमिनीवरून फडकं फिरवत राहिली.